सुनीताची आई, ताबडतोब बाहेर या

रिक्षात ट्रंक चढली, वळकटी चढली, कडक भाकरी आणि शेंगाचटणीचं गाठोडं चढलं, आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की आई घरात नाही. परसात नाही, मोरीत नाही, शेजारीही नाही. धाकटा भाऊ रमेश रिक्षावाल्याशी हुज्जत घालत होता. मुंबईची गाडी संध्याकाळची, दुसऱ्या दिवशी मुंबईहून मस्कतचं विमान. आयुष्यात तोवर मी जेऊरच्या पुढे गेले नव्हते आणि आता समुद्रापलीकडच्या इस्पितळात नर्स म्हणून निघाले होते. गल्लीतली कोणी तरी म्हणाली, "तुजी आई व्हय? ती तर मगाशीच टॉकीजकडं गेली की, पदर खोचून." माझं तर डोकंच फिरलं. पोरगी परदेशी निघाली आणि ही बाई तीनच्या खेळाला!

पण ती सिनेमा बघायला गेली नव्हती, हे मला दुसऱ्या क्षणाला कळलं. ती लपायला गेली होती.

तुमच्यापैकी जे सोलापुरातच राहिले त्यांना हे सांगायला नको, पण जे माझ्यासारखे उडाले आणि ज्यांची पोरं आता 'बाय मॉम' म्हणून दार आपटतात, त्यांच्यासाठी सांगते. आमच्यात निघणारं माणूस 'जाते' म्हणत नाही. 'येते' म्हणायचं, मोठ्यांनी 'ये' म्हणायचं, मग पाऊल उचलायचं. आमची आई जेऊरकडची, या बाबतीत भलती कडक. आमचे अप्पा टॉकीजमध्ये ऑपरेटर होते. टॉकीज म्हणजे घराच्या मागच्या भिंतीपलीकडे. पण तेवढ्यासाठीही अप्पा रोज 'येतो' म्हणायचे, आई चुलीपासून 'या' म्हणायची, आणि ती बोलली नाही तर अप्पा चपला घालून दारात ताटकळत उभे राहायचे. माझंही तसंच. आईनं 'ये' म्हटल्याशिवाय मी परीक्षेलासुद्धा कधी गेले नव्हते. आईला हे पुरतं ठाऊक होतं. म्हणजे तिनं 'ये' म्हटलंच नाही तर मी जाणारच नाही, असा तिचा सरळ हिशेब. भांडण नाही, रडारड नाही. बाई उठली आणि अंधारात जाऊन बसली.

तिचा विरोध पहिल्यापासून होता. तिची थोरली बहीण नवऱ्याबरोबर सुरतेला गेली ती गेलीच. वर्षा-दोन वर्षांनी यायची, कोपऱ्यात बसून रडायची आणि परत जायची. "मला दुसरी सुरत नगं," आई म्हणायची. पण गिरण्या एकामागून एक बंद पडत होत्या, रमेशच्या हाताला काम नव्हतं, आणि अप्पांच्या टॉकीजचं काय होणार ते घरोघरी आलेल्या टीव्हीनं सांगूनच टाकलं होतं. घरात कमावायला निघण्याजोगी मीच होते. नर्सिंग केलं होतं, हातात नोकरीचं पत्र होतं.

मी रमेशला म्हटलं, थांब इथंच. आणि धावत सुटले.

आमचं टॉकीज नवी पेठेपासून जवळच. त्याचं खरं नाव कमानीवर होतं, पण सगळं गाव त्याला पत्रा टॉकीज म्हणायचं. उन्हाळ्यात वरचा पत्रा असा तापायचा की आत बसलेल्या माणसाची भाकरी व्हावी. तरी गर्दी मोडायची नाही. बाहेर गोटीच्या सोड्याचा गाडा, मिरचीभज्यांची कढई, शेंगावाली, सायकल स्टँडवर साखळीनं बांधलेल्या सायकली. बायकांना वेगळं तिकीट, वेगळं दार, आणि आत लाकडी फळ्या मारून वेगळा भाग. विड्या वळणाऱ्या पूर्वभागातल्या तेलुगू बायका, आमच्यासारख्या देशावरच्या, मोमीन गल्लीतल्या बुरखा वर टाकून बसलेल्या, सगळ्या एकाच बाकड्यांवर. पडद्यावर कोणी रडलं की तीन भाषांत हुंदके ऐकू यायचे. मला तो वास अजून आठवतो: घाम, मोगरा, तळणाचं तेल आणि तंबाखू. इथं मस्कतच्या मॉलमधल्या मल्टिप्लेक्समध्ये गारठून स्वेटर घालून बसावं लागतं आणि पॉपकॉर्नशिवाय कसला वास येत नाही.

बायकांच्या दारावर बाबूभाई असायचे, अप्पांचे दोस्त. मला बघून त्यांनी मान फिरवली. मी म्हटलं, "बाबूचाचा, आई आत आहे ना?" त्यांना खोटं कधी जमलं नाही. "आयी ना बेटी. मेरेकू बोली, कोई बी पूछा तो नै देखा बोलो करके. अब मैं क्या करू, बोल?" आणि हातातली बॅटरी माझ्याकडे दिली.

मी आत शिरले. बाहेरच्या लखलखीत उन्हातून आत गेल्यावर डोळ्यांपुढे काळंकुट्ट. बॅटरी लावली तर चारी बाजूंनी आरडाओरडा, "ए बये, बस की खाली!" "बत्ती बुजाव!" सगळ्यांनी बॅटरीच्या उजेडानं डोक्यावरचे पदर चेहऱ्यापर्यंत ओढलेले, कोणतीच ओळखू येईना. शेवटी मी हाक मारली, "आई!" आता ती हाक ऐकून फळीच्या आतल्या निम्म्या बायकांनी वळून बघितलं, आणि एकीनं ओ दिली ती माझी नव्हे. घामानं मी निथळले. कुठं तरी गाडीची वेळ जवळ येत होती आणि माझी आई माझ्यापासून दोन हातांवर तोंड झाकून बसलेली असणार, याची मला खात्री होती.

तिथून मी बाहेरच्या लोखंडी जिन्यानं अप्पांच्या केबिनमध्ये चढले. आत भट्टी नुसती. अप्पा यंत्राच्या दिव्यात जळणाऱ्या कार्बनच्या कांड्या सरकवत होते. त्यांना जागचं हलता येत नसे, हललं की पडद्यावर अंधार आणि खाली शिव्या. माझा निरोप त्यांनी सकाळीच घेतला होता, "ये" म्हणून डोक्यावर हात ठेवून. मी घडलं ते सांगितलं. ते यंत्रावरची नजर न काढता म्हणाले, "तिनं 'ये' म्हणल्याबिगर जाशील का?"

मी म्हटलं, "नाही जमणार, अप्पा."

"मंग बोलावू तिला," ते म्हणाले.

टॉकीजमध्ये बसलेल्या माणसाला बोलवायची एक रीत होती. गल्लीत फोन कुणाकडे नव्हते. घरी कोणी आजारी पडलं, पाहुणा आला, कुणाचं बाळंतपण अडलं, तर माणूस धावत अप्पांकडे यायचा. अप्पांकडे कंदिलावर धरून काजळी धरवलेल्या काचेच्या पट्ट्या असायच्या. त्यावर खिळ्यानं नाव कोरायचं आणि दुसऱ्या छोट्या यंत्रातून चालू सिनेमावरच ते पडद्यावर फेकायचं. त्यातही भाषा ठरलेली. 'सवडीने बाहेर यावे' म्हणजे पाहुणे आले, चहा प्यायला चला. 'ताबडतोब' लिहिलं की सगळं थिएटर चिडीचूप, कारण ताबडतोब म्हणजे घरी काही तरी वाईट. मरणाचं अप्पांनी कधीच लिहिलं नाही, पण 'ताबडतोब' वाचलं की माणूस चपला सोडून धावायचा. आणि बायकांचं नाव काचेवर यायचंच नाही. बाईचं नाव पडद्यावर झळकवायचं म्हणजे काय! 'रमेशची आई', 'शंकररावांच्या घरच्यांनी', असंच लिहायची पद्धत.

अप्पांनी घाईघाईत कोरलं: सुनीताची आई, ताबडतोब बाहेर या.

त्यांच्या मनात गाडी होती, म्हणून 'ताबडतोब'. पण घराण्याचं नाव नाही, गल्ली नाही, काही नाही. आणि त्या काळात सोलापुरात दर दुसऱ्या घरात एक सुनीता! मी केबिनच्या भोकातून बघत होते. अक्षरं नायिकेच्या कपाळावर उमटली, आणि फळीपलीकडच्या अंधारात बायका धडाधड उठायला लागल्या.

मी जिना उतरून खाली पोचेपर्यंत त्या बाहेर आल्या होत्या. अनवाणी, कुणाचा पदर सुटलेला, कुणाच्या हातात तशीच शेंगांची पुडी. बाबूभाईंच्या तोंडचं पाणी पळालेलं. त्यातली एक, विड्या वळणारी नरसम्मा, छाती बडवत होती, "अय्यो देवुडा! माझी सुनीता! काय झालं पोरीला, सांग की रं!" दुसरी भिंतीला धरून खालीच बसली. मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. मी ओरडले, "मावशी, काही झालेलं नाही! तुमच्या सुनीता घरी आहेत. मी सुनीता. माझ्या आईला बोलावलंय!"

मग काय विचारता! त्यांची भीती जितकी होती तितकाच राग उसळला. "जीव गेला की गं माजा!" "कुनी लिवलं ते? त्याच्या हाताला लकवा भरू दे!" "पिच्चर सोडून आलो ना आमी!" माझ्या सात पिढ्यांचा उद्धार झाला. आणि एवढ्या सगळ्या सुनीताच्या आया बाहेर आलेल्या असताना माझी मात्र आत बसून होती. तिनं अक्षरं वाचली नसतील असं नाही. आई चौथी शिकलेली.

मला रडू फुटलं. मी तशी तोंडाची फटकळ, चारचौघांत रडणारी नव्हे, पण फुटलं. रडत रडतच सगळं सांगितलं. मस्कत कुठं आहे ते त्यांच्यापैकी कुणालाच ठाऊक नव्हतं, पण आईनं 'ये' म्हटलं नाही एवढं ऐकून त्यांच्या शिव्या थांबल्या. ते त्यांना पुरेपूर कळलं. नरसम्मानं माझं तोंड आपल्या पदरानं पुसलं आणि म्हणाली, "आमी न्हाय का? आमीबी सुनीताच्याच आया की. ये गं पोरी, सुखानं ये." तिच्यामागून बाकीच्या म्हणाल्या, एकेक करून, डोक्यावर हात ठेवून. ज्या आत्ता मला शिव्या देत होत्या त्याच. माझ्या आयुष्यात इतका आशीर्वाद मला एका वेळी कधी मिळाला नाही. पण पाय काही उचलेना.

रमेश रिक्षा घेऊन टॉकीजसमोर आला आणि हॉर्नवर हॉर्न. "तायडे, गाडी चुकंल!"

आणि तेवढ्यात आत एकदम शांतता झाली, आणि पाठोपाठ शिट्ट्यांचा असा काही कल्लोळ उठला की पत्रा हादरला. बाबूभाईंनी दार ढकलून बघितलं आणि कपाळाला हात लावला. अप्पांनी दुसरी काच लावली होती. तिच्यावर होतं: शेवंता, पोर निघाली.

अप्पांनी माझ्या देखत आईला कधी नावानं हाक मारली नव्हती. 'अगं', 'ऐकलं का', फार तर 'सुनीताची आई'. लग्नात उखाण्यात घेतलं असेल तेवढंच. तेच नाव आता भरल्या थिएटरात, पुरुषांच्या बाजूच्या सगळ्या टवाळांसमोर, पंख्याएवढ्या अक्षरांत.

आई बाहेर आली. तोंड लालबुंद. आधी वर केबिनच्या दाराकडे बघून गरजली, "अवो, लाज वाटती का? भर टॉकीजात बायकूचं नाव! घरी या, दावते तुमाला!" मग माझ्याकडे वळली.

मी वाकले. "आई, येते मी."

ती पदर खोचायला लागली. सगळ्या बायका तिच्या तोंडाकडे बघत होत्या. नरसम्मा म्हणाली, "म्हण की गं बये. गाडी हाय तिची."

"न्हाय म्हणणार," आई म्हणाली. "माझी भन सुरतेला निघाली तवा आईनं 'ये' म्हणलं. ती तितं बसून हितली वाट बघत ऱ्हायली. तितं जीव लागंना, हितं यायला मिळंना. 'ये' म्हणलं की माणूस अर्दं हितंच ऱ्हातं." तिनं माझ्या दोन्ही खांद्यांना धरलं, जोरात, दुखेल इतक्या जोरात. "तू अर्दी नगं जाऊ. समदी जा. जा सुनीता. जा."

बायकांनी तोंडाला पदर लावले. निघणाऱ्या पोरीला आईनं 'जा' म्हणायचं! असलं अभद्र कोणी बोलतं का! आईनं मात्र माझे खांदे सोडले, डोळे पुसले आणि परत आत निघून गेली. स्टेशनवर आली नाही.

गाडी मिळाली, धावत मिळाली. मोहोळ मागे पडेपर्यंत माझा संताप उतरला नव्हता. असली कसली आई? परक्या बायांनी 'ये' म्हटलं आणि सख्खीनं हाकलून दिलं! मस्कतला उतरल्यावरसुद्धा कित्येक महिने तो 'जा' कानात टोचायचा. ड्यूटी संपली की हॉस्टेलवर केरळच्या मुली रडायच्या, गावाकडच्या दिवसांची मोजणी करायच्या. त्यांच्या बॅगा कॉटखाली वर्षानुवर्षं भरलेल्या तशाच. मी मात्र ट्रंक रिकामी केली होती. मला आईनं 'ये' म्हटलंच नव्हतं, मग कुणासाठी बांधून ठेवायची? मी अरबी शिकले, खुब्सच्या रोट्या आणि हरभऱ्याचं हमूस खायला शिकले, वॉर्डमधल्या म्हाताऱ्या ओमानी बायका मला 'हबीबती', म्हणजे लाडके, म्हणायला लागल्या. इथंच कराडचा नवरा भेटला, इथंच दोन मुलं झाली. रमेशला दुकान टाकून दिलं. मला हळूहळू उमजलं की आईनं मला हाकलून दिलं नव्हतं, वाट मोकळी करून दिली होती. आज तिच्याबद्दल मला याचा जितका अभिमान वाटतो तितका दुसऱ्या कशाचाच वाटत नाही.

दर खेपेला सुट्टी संपली की तेच. मी 'येते' म्हणायची, ती 'जा' म्हणायची. पुढं पुढं त्यात गंमत यायला लागली. अप्पा होते तोवर हसायचे, "हिच्या तोंडाला औषध न्हाय." माझी मुलं तर आजीला मुद्दाम विचारायची, "आजी, आता काय म्हणशील?" आणि ती ठसक्यात म्हणायची, "जा!"

या वर्षीच्या सुट्टीत मी गेले तेव्हा टॉकीजचा पत्रा उतरवला होता. बंद तर ते केव्हाच पडलं होतं. मधे काही वर्षं तिथं साड्यांचे आणि टॉवेल-चादरींचे सेल लागायचे. आता चार भिंती, वर उघडं आभाळ, आत वेड्या बाभळी. सोड्याच्या गाड्याच्या जागी मोबाइलची कव्हरं विकणारा बसतो. बाबूभाई गेले, अप्पा गेले. नरसम्मा मुलाकडे भिवंडीला, कशी आहे कुणास ठाऊक. आई अजून त्याच घरात, रमेशच्या संसारात. सून चांगली आहे, काही कमी नाही. पण आई पूर्वीसारखी भांडत नाही, याचीच मला धास्ती वाटली. पाठीमागच्या भिंतीला टेकून बसते. "आदी या भिंतीतनं माणसं बोलायची," मला म्हणाली. "रडायची, गाणी म्हणायची. तुजा बाप पलीकडं हाय असं कळायचं. आता कायबी आवाज न्हाय." जेवताना तिचा हात थरथरतो. मी नर्स आहे, मला बघताक्षणी कळतं.

निघायच्या दिवशी विमानतळावर नेणारी गाडी दारात उभी. ड्रायव्हर घड्याळ बघत होता. रमेशनं बॅगा ठेवल्या. मी आत येऊन तिच्या पायाशी वाकले आणि हसतच म्हटलं, "आई, येते गं," कारण पुढचं उत्तर मला पाठ होतं.

आई म्हणाली, "ये."

मी वर बघितलं. मला वाटलं, म्हातारपण, जीभ वळली असेल. "काय म्हणालीस?"

"ये," ती पुन्हा म्हणाली, आणि माझं मनगट धरलं. जोर असा नव्हताच त्या हातात. "लवकर ये."

सगळ्या सोलापुरात हा शब्द रोज हजार लोक बोलत असतील, भाजीला निघालेल्या माणसालासुद्धा. मला तो कुणी कानाखाली मारल्यासारखा लागला. बाहेर हॉर्न वाजला. तिकीट होतं, ड्यूटी लागलेली होती, मी तिचा हात सोडवला आणि गाडीत जाऊन बसले. पुण्यापर्यंत मी रस्ता मागं पडताना बघत होते. मी त्या दारातून पहिल्यांदाच अर्धी निघाले होते.

तर मंडळी, मी इथं नोकरी सोडायची नोटीस दिली आहे. निवृत्तीला दोन वर्षं बाकी असताना असं कुणी करतं का, म्हणून मेट्रननं दोनदा बोलावून समजावलं. मुलं म्हणतात, "मम्मी, तिथं आता आहेच काय?" नवरा चिडलाय पण सामान बांधतोय. रोज सकाळी फोन वाजला की मी हातातलं टाकून धावते, आणि पलीकडून रमेश 'आई जेवली' म्हणाला की माझ्या जिवात जीव येतो. नोटिशीचा महिना पुरा व्हायचा आहे.

शेजारची ओमानी म्हातारी काल खजूर घेऊन आली. तिच्या मांडीवर माझी मुलं वाढली. दारात उभी राहून तिनं विचारलं, परत कधी? मी उंबऱ्यात उभी होते, आतल्या भिंतींवरून फोटो उतरवलेले. तीस वर्षं मी हे दार उघडलंय. 'येते' म्हणावं तर तिच्याशी खोटं बोलल्यासारखं होतं, आणि 'जाते' म्हणायला माझी जीभ वळेना.